मदत हवी आहे : बिभा चौधुरी यांच्याविषयी मराठीतून माहिती
माझ्या नववीतल्या भाचीला भौतिकशास्त्रज्ञ व्हायचे आहे आणि विज्ञान दिनाच्या भाषणासाठी तिने आपणहून भारतीय भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांना निवडले, याचा मला मनापासून आनंद झाला आहे. दार्जिलिंगच्या डोंगरांत महिनोन्‌महिने ठेवलेल्या फोटोग्राफिक काचांवर उमटलेल्या, केवळ सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या वैश्विक किरणांच्या (अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या) ठिपक्याठिपक्यांच्या रेषांवरून त्यांनी व त्यांचे मार्गदर्शक देवेंद्रमोहन बोस यांनी मेसॉन कणांचे (इलेक्ट्रॉनपेक्षा जड, पण प्रोटॉनपेक्षा हलक्या कणांचे) वस्तुमान अजमावले. युद्धकाळात त्यांना अधिक चांगल्या काचा मिळाल्या नाहीत. ही पद्धत पुढे विकसित केल्याबद्दल १९५० चे नोबेल ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ सेसिल पॉवेल यांना मिळाले. (आपल्या मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही बिभाताईंनी काम केले.) या रेषांतल्या ठिपक्यांमधील अंतरावरून कणाचे वस्तुमान कसे कळते, हे नववीच्या मुलीला समजेल असे मराठीत कुणी समजावून सांगू शकेल का?