लेडी हॉवर्डनच्या फोटोंचे कोपरे फाटलेले का आहेत?

निळीशाई:
गेले चार दिवस लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या साइटवर लेडी क्लेमेंटिना हॉवर्डनने काढलेले फोटो बघतेय, १८६० च्या आसपासचे. त्या काळी बड्या घरच्या बायकांचे स्टुडिओतले फोटो म्हणजे मागे रंगवलेला पडदा, बाजूला खांब, आणि बाई ताठ. इथे मात्र तिच्या स्वतःच्याच मुली आहेत, खिडकीला टेकून उभ्या, एखादी आरशापुढे आणि चेहरा आपल्याला आरशातूनच दिसतो. पण बऱ्याच फोटोंचे कोपरे फाटलेत, असं का? आणि एवढ्या श्रीमंत घरात खोली जवळजवळ रिकामी कशी?

काचेवाला:
ते फोटो अल्बममध्ये चिकटवलेले होते, १९३९ मध्ये तिच्या नातीने ते म्युझियमला दिले, ७७५ आहेत तिथे. अल्बममधून काढताना कोपरे गेले. बघून जीव तुटतो खरंच.

खोलीचं म्हणाल तर साऊथ केन्सिंग्टनच्या घरातला पहिला मजलाच तिने फोटोंसाठी वापरला, कारण तिला उजेड हवा होता आणि तो फक्त खिडकीचा. वेट कलोडियन, म्हणजे तेव्हाची ओल्या काचेवर फोटो काढायची पद्धत, मी एकदा वर्कशॉपमध्ये केलीय, काचेवर कलोडियन हा चिकट द्राव ओतायचा, मग काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली आहे तोवरच फोटो काढून डेव्हलप करायचा, वाळली की संपलं. माझी बोटं आठवडाभर काळी होती. आणि ही बाई आठ मुलांचा संसार सांभाळून हे करत होती! अजून एक, कलोडियनला निळा रंग पांढरट दिसतो आणि लाल काळपट, त्यामुळे कपड्यांचे रंग फोटोवरून ठरवू नका.

खडकीकर:
माहेरची ती एल्फिन्स्टन घराण्यातली. पेशवाईच्या शेवटी पुण्यात रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचा प्रतिनिधी असलेला आणि १८१९ पासून मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, ज्याच्या नावाचं मुंबईत कॉलेज आहे, तो हिचा सख्खा काका. आपल्याकडे काका सगळ्यांना माहीत, पुतणी कुणालाच नाही. लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने तिला पदक दिलं होतं आणि १८६५ मध्ये ती गेली तेव्हा फक्त ४२ वर्षांची होती.

निळीशाई:
काका-पुतणीचं अजिबात माहीत नव्हतं, थँक्यू! आणि काचेवाला, म्हणजे खिडकीपाशी झग्याचा जो पांढराशुभ्र घेर दिसतो तो खरा निळा असू शकतो? सगळे फोटो परत पहिल्यापासून बघायला घेतलेत.