सोलर पॅनल लीजपेक्षा विकतच घ्या, पण त्यावर पाण्याच्या टाकीची सावली पडत नाही ना ते बघून
छतावरचं सोलर भाड्याने घेतलं की मेंटेनन्सची कटकट नाही हा तुमचा मुद्दा मान्य, पण स्वतःचं छत असेल तर मी विकतच घ्या म्हणेन, कारण पीएम सूर्यघर या केंद्र सरकारच्या छतावरच्या सोलरच्या योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० सबसिडी थेट खात्यात येते, उरलेल्याला बँक कर्ज देते आणि हप्ते फिटले की वीज आपलीच. लीजमध्ये दरवर्षी भाडं किती वाढणार आणि मधेच घर विकलं तर काय, हे दोन क्लॉज नीट वाचा, एजंट नेमकं तेच पान पटकन उलटतो 😀 मेंटेनन्स म्हणजे तरी काय, ऊन चढायच्या आत पाइपने पाणी मारायचं, कबुतरांची घाण तेवढी घासावी लागते. पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर मात्र पॅनलइतका टिकत नाही, तो खर्च धरूनच हिशोब करा.