आबांची बाटली 1996 पासून आडवी ठेवलीय, फोडू का?

शिवाजीपेठकर:
आमचे आबा उद्यमनगरात टर्नर होते. 1996 ला बोटीवर नोकरीला असलेल्या मामांनी त्यांना सिंगल माल्ट व्हिस्की आणून दिली. एक लिटर, 12 वर्षांची, 43 टक्के अल्कोहोल. नातू मिळवता झाला की त्याच्यासंगं बसायचं, म्हणून आबांनी ती फोडलीच नाही. विलायती माल आडवा ठेवायचा असतो असं कुणीतरी सांगितलेलं, मग जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर, पत्र्याखाली आडवी. आबा गेले. पोरगा आता शिरोलीत कामाला लागला, पंचवीस पूर्ण झाली, परमिटही काढलं.

काल बाटली उतरवली. सील शाबूत आहे, पण माल खांद्याच्या दोन बोटं खाली गेलाय आणि बुचाभोवती चिकट तपकिरी कड आलीय. आता ही चाळिशीची म्हणायची का? पिण्याजोगी तरी राहिलीय का?

नागाळापार्क:
दादा, आधी एक विचारतो. पुराचं पाणी माळ्यापर्यंत चढलं होतं का? 2019 ला आमच्या तळमजल्यावरची कपाटं बुडाली. बुचाच्या सगळ्या बाटल्या मी मोरीत ओतल्या, सीलबंद होत्या त्यासुद्धा. तुमची बुडाली असेल तर आबांची असली तरी तोंडाला लावू नका.

बुडाली नसेल तर बिनधास्त फोडा. मात्र ती चाळिशीची नाही, बाराचीच. व्हिस्की मुरते ती लाकडी पिंपात, काचेत नाही. आडवी ठेवायची ती वाइन, बूच ओलं राहावं म्हणून. व्हिस्कीचा अल्कोहोल कडक, तो सतत लागून राहिला की बूच खातो. त्यात पत्र्याखालचा उन्हाळा! आतली हवा फुगते आणि वाफ बुचाकडेनं निघून जाते. बंगळुरात व्हिस्की मुरवतात तिथं तर उष्णतेनं पिंपातूनच वर्षाला दहा-बारा टक्के उडते, स्कॉटलंडात दोनेक टक्के.

बूच तुटणारच, धरून चाला. ओढू नका. बूच घट्ट धरून बाटली हळूहळू फिरवा. चुरा आत पडला तर घाबरायचं कारण नाही, गाळून घ्या.

रंकाळ्याची सून:
गाळायचं फडकं साबणाचं नको, नुसत्या गरम पाण्यातून काढलेलं घ्या. साबणाचा वास लगेच उतरतो. उरलेली मोठ्या बाटलीत ठेवू नका, वर हवा जास्त राहते आणि काही महिन्यांत चव उतरते. शोभेच्या क्रिस्टलच्या सुरईतही नको, जुन्या क्रिस्टलमध्ये शिसं असतं. लहान बाटल्या काठोकाठ भरून अंधाऱ्या कपाटात उभ्या ठेवा. फ्रिजची गरज नाही.

शिवाजीपेठकर:
पूर आमच्या गल्लीत आला नव्हता. रविवारी फोडली. बूच मधोमध तुटलं, अर्धं आत गेलं. बायकोनं चहाच्या गाळणीत मलमल धरली, पोरानं ओतली. फडक्यावर काळपट चुरा राहिला, खाली पातेल्यात मधाच्या रंगाची स्वच्छ धार. वासाला जराशी दबलेली वाटली, म्हणून पेल्यात चमचाभर पाणी घातलं आणि दहा मिनिटं थांबलो. मग मनुक्याचा आणि जुन्या लाकडी पेटीचा वास वर आला. मामांना फोन लावून तो वास सांगत बसलो.

आबांच्या फोटोपुढं पहिला पेला ठेवला. आम्ही दोघांनी एक-एक घेतला, मटण नंतर. तिखटानं जीभ बधिर व्हायच्या आत चव घ्यायची होती. उरलेली तीन क्वार्टरच्या बाटल्यांत भरून आबांच्या लोखंडी कपाटात उभी ठेवलीय. किल्ली पोराकडं दिली.