मदत हवी आहे: २४ तासांच्या लघवीतील कॉपरचा रिपोर्ट, नागपूर

नमस्कार मंडळी. मला विल्सन डिसीज (शरीरात तांबं म्हणजे कॉपर साठत जाण्याचा आजार) आहे, चार वर्षांपासून पेनिसिलामाइन (तांबं लघवीवाटे बाहेर काढणारी गोळी) आणि सोबत पायरिडॉक्सिन (व्हिटॅमिन बी६) सुरू आहे. डोस बदलायचा की नाही हे ठरवायला डॉक्टरांनी २४ तासांच्या लघवीतलं कॉपर तपासायला सांगितलं. नमुना नीट गोळा केला: सकाळची पहिली लघवी सोडून, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतची सगळी. उन्हाळा, म्हणून कॅन फ्रिजमध्ये. (आईने त्या दिवशी फ्रिज उघडलाच नाही.)

आज बारावा दिवस. लॅबवाले म्हणतात, नमुना मुंबईला गेलाय, आणि रोज 'उद्या या' सांगून राहिले. दोनदा प्रत्यक्ष जाऊन आले, पावती नंबर दाखवला, लेखी विचारलं. उत्तर नाही. गुरुवारी डॉक्टरांची वेळ आहे, ती पुढे ढकलली तर महिनाभर मिळत नाही.

त्यातच आता शंका येतेय की त्यांनी दिलेला कॅन साधाच होता. या तपासणीला धातूचा अंश नसलेला, आम्लाने धुतलेला डबा लागतो ना?

लिव्हर फंक्शन आणि सीबीसी झालंय, ठीक आहे. गोळी स्वतःहून बंद करणार नाही. आणि तांब्याच्या लोट्यातलं पाणी प्या असं कृपया सुचवू नका, मला नेमकं तेच वर्ज्य आहे!

धंतोली, रामदासपेठ किंवा सीताबर्डी भागात ही तपासणी कोणी केली आहे का? डबा कोणता दिला होता, आणि रिपोर्ट किती दिवसांत हातात आला?