सुई पेशंटच्या हातात द्यायची का?

अक्कलकोटरोड: काल इथं एकानं लिहिलं, "कॅन्सरच्या पेशंटला हार्मोनचं इंजेक्शन घरी घ्यायला शिकवणं म्हणजे दवाखान्यानं अंग काढून घेणं." डोकंच फिरलं. वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर, दर महिन्याला ल्युप्रोलाइड, म्हणजे तेच हार्मोनचं इंजेक्शन. मे महिन्याच्या उन्हात एसटीनं सोलापूर गाठायचं, नंबर लावून तीन तास बसायचं, आणि टोचायला एक मिनिट! वहिनी दहा वर्षं आईला इन्शुलिन देते. तिला दोनदा दाखवलं तर जमणार नाही?

बाळीवेसकर: लिहिणारा मीच. इन्शुलिनची सुई आणि ही सुई एकच का? माझ्या बायकोला ब्रेस्ट कॅन्सरसाठी फुलव्हेस्ट्रन्ट चालू आहे. ५०० मिलिग्रॅम म्हणजे पाच-पाच मिलीच्या दोन सिरिंज, दोन्ही कुल्ल्यांत, सावकाश. आधी स्वतःच्या कुल्ल्यात टोचून दाखवा, मग बोलू.

सिस्टरताई: दोघं वेगवेगळ्या औषधांवर भांडायलात. फुलव्हेस्ट्रन्ट घरी नकोच. गोसेरेलिन हे दुसरं हार्मोनचं इंजेक्शन, त्याची सुई जाड, आत औषधाची कांडी असते, तेही आमच्याकडंच. चामडीखालचं ल्युप्रोलाइड शिकता येतं, फक्त भुकटी नीट मिसळली पाहिजे. माझी अडचण दुसरीच आहे. पेशंट आला की मी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्त तपासणी, केली का विचारते, कंबर दुखते का विचारते. घरी कोण विचारणार?

अक्कलकोटरोड: फोनवर विचारा की! १९८५ला अमेरिकेत ल्युप्रोलाइड आलं तेच रोज चामडीखाली घ्यायचं म्हणून. पेशंट घरीच टोचून घ्यायचे.

चादरवाला: ते सगळं ठीक, वापरलेली सुई टाकता कुठं? आमच्या घंटागाडीवरच्या मावशीच्या बोटात घुसली. सहा महिने रक्त तपासत फिरली बिचारी. कचऱ्याच्या २०१६च्या नियमातच घरातल्या सुया घातक कचऱ्यात, वेगळ्या द्यायच्या असं होतं.

हुरडापार्टी: आधी घंटागाडी तरी येऊ दे बे! आमच्याकडं पाणी पाचव्या दिवशी, गाडी त्याहून उशिरा.

चादरवाला: म्हणून सुया गटारीत टाकायच्या?

हुरडापार्टी: मी कधी म्हटलं? शुगरवाले एवढी वर्षं टाकायलेत, तेव्हा झोपला होतास का?

बाळीवेसकर: अरे, इथं कॅन्सरवर चाललंय! कचऱ्याचा वेगळा धागा काढा.

चादरवाला: तुमचं दुखणं ते दुखणं, मावशीचं कचरा?

बाळीवेसकर: …बरं, चुकलं. अक्कलकोटरोड, तुमच्या वहिनी शिकू देत. पहिले दोन डोस सिस्टरसमोर. पीएसए चुकवली तर मात्र इथं रडत येऊ नका. मी आपला रांगेतच बरा.

अक्कलकोटरोड: उपकार झाले.

सिस्टरताई: सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका, झाकण घट्ट लावा, बाहेर मोठ्या अक्षरात 'सुया' लिहा.

हुरडापार्टी: आईच्या इन्शुलिनच्या सुयांची तसली बाटली घेऊन आज गाडीवाल्याला विचारलं. म्हणाला, "सुक्यात टाका."