काच बदलली, पण कॅमेरा कोणी जुळवला?

गोदाकाठ
रविवारी आईला घेऊन आडगावहून घरी येत होतो. नाशिकला द्वारकेच्या उड्डाणपुलावर वेग सत्तरच्या आसपास, पुढे रस्ता मोकळा. एकाएकी डॅशबोर्डवर लाल खूण पेटली आणि गाडीने स्वतःहून करकचून ब्रेक मारला. आईच्या मांडीवरची द्राक्षांची पिशवी पायाशी सांडली. मागच्या ट्रकवाल्याने बाजूची लेन धरली म्हणून वाचलो.

दहा दिवसांपूर्वी खडी उडून समोरची काच तडकली होती, ती सर्व्हिस सेंटरने बदलली. एडासचा, म्हणजे समोरचा धोका ओळखून गाडीला आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेचा, कॅमेरा आरशामागे त्याच काचेला असतो. तो पुन्हा जुळवला का, असं विचारलं तर म्हणाले, “होतं साहेब कधी कधी. त्रास वाटत असेल तर मेन्यूत जाऊन बंद करा.” पायाचा ब्रेक असा वागला असता तर हेच सांगितलं असतं का? काच काढली किंवा रडारपुढचा बंपर उतरवला, की कॅलिब्रेशनचा, म्हणजे कॅमेरा-रडार पुन्हा जुळवल्याचा, कागद दिल्याशिवाय गाडी सोडूच नये, असं माझं ठाम मत आहे.

ओझरकर
मी म्हणतो, बंदच करा. पिंपळगावच्या बाजूला रात्री या एकदा. कांद्याची ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. उलट्या बाजूने मोटारसायकल. पट्टे पुसलेले. कॅमेरा कितीही जुळवा, तो काय काय ओळखणार? एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅग वेगळ्या, त्या चालूच राहतात. पंचवीस वर्षं माझ्याच नजरेवर गाडी चालवतोय.

अंबडचा मेकॅनिक
कॅमेरा एक अंश जरी फिरला तरी ५० मीटरवर सुमारे ८७ सेंटिमीटरचा फरक पडतो. १०० मीटरवर पावणेदोन मीटर, म्हणजे साडेतीन मीटरची लेन निम्मी सरकली. शेजारचा ट्रक आपल्याच पुढ्यात आहे असं गाडीला वाटायला एवढं पुरतं. जुळवायला सपाट फरशी, टायरमध्ये बरोबर हवा, रिकामी डिकी आणि मापाने उभा केलेला टार्गेट बोर्ड लागतो. काही गाड्या त्यासाठी रस्त्यावरही चालवाव्या लागतात. घाईच्या दिवशी हेच काम गाळलं जातं, मी पाहिलंय.
ओझरकर, बऱ्याच गाड्यांत बंद केलेला आपोआप ब्रेक पुढच्या वेळी गाडी सुरू केली की परत चालू होतो. रोज बघता ना?

सायली
कसारा घाटात पावसात वळणावर टेम्पो बंद पडला होता. बाबांचा पाय ब्रेकवर जायच्या आत गाडी थांबली. त्यामुळे बंद करा म्हणणं मला पटत नाही. गोदाकाठ, तारीख, वेळ, जागा, वेग हे सगळं जॉबकार्डवर लिहून घ्या, तोंडी काही ठेवू नका. काम अर्धवट केलं तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती सेवेतली त्रुटी ठरू शकते. राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५.

ओझरकर
रोज बघतो, सीटबेल्टबरोबर तेही. कागद घ्या, माझी ना नाही. पण तो मिळेपर्यंत आईला त्याच गाडीतून पुलावर नेणार का?

गोदाकाठ
नाही नेणार. तोवर आपोआप ब्रेकिंग बंद ठेवतोय, एवढं तुमचं ऐकलं. सोमवारी गाडी परत नेतो. ते बोर्ड लावतील तेव्हा शेजारी उभा राहणार आहे, आणि कागद हातात आल्याशिवाय सही करणार नाही.