लोकसंख्यावाढ समजून न घेता तिच्यावर मत देता येतं का?

वाटसरू :
नोव्हेंबर २०२२ मध्ये जग ८०० कोटींवर पोचलं, तेव्हा दोनच सूर कानावर आले : 'आता सगळं संपणार' आणि 'काही होत नाही'. वाढ होते कशी, हे दोन्हीकडच्यांना ठाऊक नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे. वाढीचा वेग १९६०च्या दशकात दोन टक्क्यांवर होता, आज तो एक टक्क्याच्या खाली आहे. तरी माणसं वाढताहेत. का?

समजा, एका वस्तीत आजी-आजोबा १००, त्यांची मुलं ३०० आणि नातवंडंही ३००. नातवंडांनी जोडप्यामागे दोनच मुलं होऊ दिली, तरी नवी ३०० जन्मणार आणि जाणार फक्त १००. म्हणजे ७००चे ९०० झाले! यात आजच्या जोडप्यांचा काय दोष? तरी बोलणी त्यांनाच बसतात. याचाच मला राग आहे.

रोखठोक :
साफ असहमत. दोष कुणाचाही असो, पाणी आणि जमीन तेवढीच आहे. १९२७ मध्ये २०० कोटी, १९७४ मध्ये ४०० आणि आता ८००. सक्तीशिवाय माणूस ऐकत नाही. चीननं करून दाखवलं.

शब्दवेडी :
चीनचं अर्धंच सांगताय. एक मूल धोरण यायच्या आधीच, १९७०च्या दशकात, तिथला जननदर, म्हणजे बाईमागे सरासरी मुलं, सहाच्या जवळून तीनच्या खाली आला होता. धोरणानं मुलींचा गर्भ पाडण्याचं प्रमाण मात्र वाढवलं. आता तीन मुलांची मुभा आहे, तरी २०२२ पासून लोकसंख्या घटतेच आहे.

रोखठोक :
त्या दशकातही सरकारी दडपण होतंच की!

शब्दवेडी :
होतं, मान्य. मग इराण बघा. १९८९ नंतर गावोगावच्या आरोग्यकेंद्रांतून गर्भनिरोधक साधनं मिळू लागली, मुली शाळेत गेल्या आणि पाचाच्या वरचा जननदर दशकभरात दोनच्या आसपास आला. मुलांच्या संख्येवर सक्ती नव्हती.

उलटतपासणी :
तुम्ही दोघं कालची लढाई लढताय. दक्षिण कोरियात २०२३ मध्ये जननदर ०.७२ होता. म्हाताऱ्यांना सांभाळणार कोण, हा पुढचा प्रश्न आहे. शिवाय माणसं मोजता, पण एकेक माणूस किती जाळतो, वापरतो, ते कोण मोजणार?

वाटसरू :
वापराचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण कोरियाची काळजी सगळ्या जगाला लावू नका. आफ्रिकेतल्या नायजरमध्ये आजही बाईमागे सहाच्या आसपास मुलं आहेत.

रोखठोक :
तेच म्हणतोय! तिथंही शाळेची फळं यायची वाट बघत बसायचं?

वाटसरू :
बसायचं कशाला? तिथं सुमारे तीन-चतुर्थांश मुलींची लग्नं अठराच्या आत होतात. पहिलं बाळंतपण चार-पाच वर्षं लांबलं, तर मुलं तेवढीच झाली तरी दोन पिढ्यांमधलं अंतर वाढतं आणि वेग तिथंच मंदावतो. त्यासाठी मुलगी पदवीधर व्हायची वाट बघावी लागत नाही, ती सोळाव्या वर्षी वर्गात असली तरी पुरतं.